क्रॉयडनची पंगत

लंडनहून परत आल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, राजवाडा पाहिला का, मेणाचे पुतळे पाहिले का, नदीवरचा तो उघडणारा पूल पाहिला का. मी हो म्हणतो. पाहिलं असणारच. थंडीने डोळ्यांना सारखं पाणी येत होतं, त्यामुळे पुतळे कुठले आणि माणसं कुठली हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण त्या सहलीतली खरी गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. ती क्रॉयडनला घडली. तिच्यात राजवाडा नाही. दोन पातेली सूप आहे, एका तिसऱ्याच देशाचा राष्ट्राध्यक्ष आहे आणि माझा उजवा हात आहे. हे वाचून आमच्या घरात थोडा गोंधळ होईल. होऊ दे.

आधी त्या उजव्या हाताविषयी. आमच्या नात्यागोत्यात मी वाढपी म्हणून प्रसिद्ध आहे. लग्न असो, मुंज असो, बाराव्याचं जेवण असो, आमटीची बादली माझ्या हातात असते. एक थेंब पानाबाहेर सांडत नाही. लोकांना वाटतं, काय सेवाभावी माणूस आहे. खरं कारण असं की वाढणाऱ्याला कुणी मत विचारत नाही. पंगतीत दोन काका निवडणुकीवरून हमरीतुमरीवर आले की मी ओगराळं बादलीत बुडवतो आणि पुढच्या पानावर सरकतो. पन्नाशी उलटली, मी असाच सरकत आलोय.

हाउन्सलो

माझी धाकटी बहीण सुषमा हाउन्सलोत राहते. घरावरून विमानं इतकी खालून जातात की कपबशा त्यांना ओळखतात, आधीच किणकिणायला लागतात. ती विमानतळावर, प्रवाशांच्या जेवणाचे ट्रे भरतात तिथे कामाला आहे. तिथे तिच्या शेजारी उभी राहून सोलांज नावाची बाई वर्षानुवर्षं ट्रेमध्ये पाव ठेवते. सोलांज हैतीची. हैती म्हणजे नकाशात क्यूबाच्या शेजारी शोधावा लागतो तो देश. सुषमाला हे नकाशातलं आजही विचारलं तर सांगता येणार नाही, पण सोलांजच्या आईला शेवटी काय झालं होतं, तिचा ग्लासगोचा भाऊ कसा आहे, हे सगळं तोंडपाठ.

मी पोचलो त्याच आठवड्यात सुषमा म्हणाली, "दादा, एक तारखेला आपल्याला सोलांजकडच्या लोकांचं जेवण आहे. क्रॉयडनला. त्यांच्या देशाला दोनशे वर्षं होतायत."

"मी काय करू तिथे? मला त्यातलं काय कळतंय?"

"जेवायचं. तुला बोलायला कोण सांगतंय?"

स्वयंपाकघरातून भाची केतकी ओरडली, "मामा, तू यायचाच आहे. माझी ऑफिसचा पार्टी मी कॅन्सल केली." केतकी इथेच जन्मली. तिच्या मराठीत पार्टीच्या लिंगाला काही नियम नाही, पण हुकूम स्पष्ट असतो.

जायच्या आधी सुषमाने मला मुद्दा समजावून सांगितला. हैतीत फ्रेंचांचं राज्य होतं आणि माणसं गुलाम होती, तेव्हा लाल भोपळ्याचं एक सूप गुलामांनी शिजवायचं आणि मालकांनी प्यायचं, असं होतं. गुलामांना ते तोंडाला लावायची बंदी. स्वातंत्र्य मिळालं तो एक जानेवारीचा दिवस. तेव्हापासून त्या दिवशी जगात जिथे असेल तिथे हैतीचा माणूस ते सूप पितो. आपल्याकडे लाल भोपळा उपासाला नाहीतर श्राद्धाला. तिकडे त्याच भोपळ्याचा झेंडा होतो.

"पण यंदा दोन पातेली आहेत," सुषमा म्हणाली.

राष्ट्राध्यक्षावरून समाजात उभी फूट पडली होती. तिकडे राजधानीत रोज मोर्चे निघत होते, त्याने पायउतार व्हावं म्हणून. इकडे सोलांज मोर्चेवाल्यांच्या बाजूची आणि तिचा तो ग्लासगोचा सख्खा थोरला भाऊ आन्सेल्म राष्ट्राध्यक्षाच्या बाजूचा. फोनवर भांडण झालं आणि फोन बंद झाले. आन्सेल्मने सांगून ठेवलं होतं की मोर्चेवाल्यांच्या पातेल्यातलं सूप तो प्राण गेला तरी पिणार नाही. म्हणून दोन बाजूंची दोन पातेली, आणि दोन्ही शिजवणार हे बहीणभाऊच, दोघंही आईच्याच हातची रीत वापरून.

"आई गेल्यापासून एक तारखेला दोघं एका भांड्यातलं प्यायलेले नाहीत," सुषमा म्हणाली. "सोलांज पाव ठेवता ठेवता मला म्हणाली, मला भाऊ परत नको, त्याचं मत तर नकोच नको. फक्त त्या दिवशी त्याच्या पोटात माझं सूप जाऊ दे."

हे वाक्य मी लक्षात ठेवलं. ठेवायला नको होतं.

क्रॉयडन

क्रॉयडनला ट्रॅम आहे. आम्ही ती उलट्या दिशेची पकडली. घरं संपून झाडं लागली तेव्हा केतकीच्या लक्षात आलं. सुषमाच्या मांडीवर चिवड्याचा मोठा डबा होता, तो तिने परतीच्या ट्रॅममध्ये घट्ट धरून ठेवला आणि म्हणाली, "या गावाने मला पहिल्यांदाही असंच फिरवलं होतं, व्हिसाच्या कागदांपायी." पोचलो तेव्हा हॉल गच्च भरला होता आणि वाद सुरू झाला होता.

चर्चच्या मागे असतो तसला हॉल. खिडकीच्या बाजूला लांब टेबलांची एक रांग, भिंतीच्या बाजूला दुसरी. खिडकीकडे मोर्चेवाले, भिंतीकडे राष्ट्राध्यक्षवाले. मधे रिकामी जागा, तिथे उभं राहून एकेकाने बोलायचं. मला लग्नातली वरपक्ष-वधूपक्षाची बैठक आठवली, फक्त इथे लग्न दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेलेलं.

पाहुणे म्हणून आम्हाला दोन रांगांच्या टोकाला आडवं टेबल दिलं. सोलांज येऊन सुषमाच्या आणि माझ्या मधे बसली. ठेंगणी, गोल, पिवळ्या फुलांचा झगा. आन्सेल्म माझ्या दुसऱ्या बाजूला बसला. उंच, करडी दाढी, ग्लासगोच्या शाळेत गणित शिकवतो. आमच्यासाठी इंग्रजी करून सांगायचं काम दोघांनीही आपापलं मानलं. त्यामुळे प्रत्येक भाषण मला दोनदा ऐकायला मिळालं.

मफलर घातलेले एक गृहस्थ उठले आणि हात हलवत बराच वेळ बोलले.

"तो म्हणतोय," सोलांज माझ्याकडे झुकली, "की कॉलेजातल्या पोरांना कॉलेजातच दांडक्यांनी मारलं. गरिबांची शपथ घेऊन आलेला माणूस गुंड पाळतो, आणि आम्ही गप्प बसायचं?"

"तो म्हणतोय," आन्सेल्म दुसऱ्या कानात म्हणाला, "की त्याच्या चुलत्याचा शिवणकामाचा कारखाना आहे आणि कामगार हल्ली पगार मागायला लागलेत."

"दादा," सोलांज म्हणाली. सुषमाचं ऐकून ती मला दादाच म्हणायची. "तुमच्या शेजारच्या माणसाला सांगा, चुलता दहा वर्षांपूर्वी वारला."

मी आन्सेल्मकडे वळलो. त्याला सगळं ऐकू गेलंच होतं, पण तो मी सांगायची वाट पाहत बसला होता. मी सांगितलं.

"तिला सांगा, कारखाना वारला नाही."

मी सांगितलं.

"त्याला विचारा, मोर्च्यात चालणाऱ्या बाजारातल्या बायकांचे कुठे कारखाने आहेत?"

"तिला विचारा, त्या माणसाला मतं कुणी दिली होती? त्याच बायकांनी. मतपेटीतून आलेल्याला रस्त्यावरून घालवायचा, मग पुढच्याला कोण ठेवणार?"

"त्याला सांगा, मी पण दिलं असतं मत त्याला. मी पण रडले होते तो आला तेव्हा. म्हणूनच तर."

आन्सेल्म टेबलावरचा चिवडा चिमटीने उचलून एकेक शेंगदाणा खात राहिला. चिवड्याबाबत मात्र दोन्ही बाजूंत वाद नव्हता. डबा खिडकीकडून भिंतीकडे आणि परत असा फिरत होता.

मला दोघांनीही मत विचारलं. मी दोघांकडेही पाहून म्हणालो, "तुमचं म्हणणं कळतंय मला." हे वाक्य मी पुण्यात आयुष्यभर वापरलंय. क्रॉयडनलाही ते चालतं असं दिसलं.

मग जेवणाची वेळ झाली आणि खरा पेच उभा राहिला. वाढणार कोण? स्वयंपाकघर हॉलच्या मागे, दाराआड. दोन्ही पातेली हॉलचीच, एकसारखी, गॅसवर शेजारी शेजारी. सोलांजच्या पातेल्याच्या झाकणावर निळं फडकं बांधलेलं, आन्सेल्मच्या पातेल्यावर लाल. दोन्ही मिळून त्यांच्या झेंड्याचे रंग होतात, पण त्या दिवशी हे कुणी बोलत नव्हतं. खिडकीवाल्यांना भिंतीवाल्यांचा वाढपी नको, भिंतीवाल्यांना खिडकीवाल्यांचा नको. मीठ जास्त घालतील, मांसाचे तुकडे आपल्याकडे ओढतील, काहीही करतील.

ओडेट नावाच्या पिकल्या केसांच्या आजीबाई मधोमध खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांना दोन्ही बाजू मानायच्या. त्यांनी काठी माझ्याकडे रोखली. "हा मांस खातच नाही. म्हणजे चाखणारसुद्धा नाही. याच्यापेक्षा निष्पक्ष माणूस तुम्हाला कुठे मिळणार?"

हॉलभर टाळ्या. सुषमाने कपाळाला हात लावला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझ्यासाठी वेगळं सूप होतं. सुषमाने आधी कळवलं होतं की दादा शाकाहारी आहे, आणि आन्सेल्मने ते मनावर घेतलं होतं. मला स्वयंपाकघरात नेऊन त्याने एक छोटं पातेलं दाखवलं. "हे मी घरून आणलं. नवंच आहे. सुरी वेगळी, पळी वेगळी. भाज्या मांसाच्या आधी चिरल्या. तुम्ही निश्चिंत खा." मग जरा थांबून म्हणाला, "माझी आई शुक्रवार पाळायची, त्या दिवशी मांस नाही. माणसाने एखादी गोष्ट तोंडात घालायची नाही असं ठरवलं की ते त्याचं घर असतं. दुसऱ्याने त्यात पाय ठेवू नये."

मी त्याचे मनापासून आभार मानले. मग तो बाहेर गेला आणि मी पातेल्यांसमोर एकटा उरलो.

मांस गाईचं होतं. हे मी घरी अजून सांगितलेलं नाही, आता वाचूनच कळेल. मी श्वास रोखून उभा राहिलो. पण पंगत बसली होती, लोक वाट पाहत होते, आणि अशा वेळी माझे हात माझं ऐकत नाहीत. कपाटात इनॅमलचा मोठा जग सापडला. बादली नाही तर जग. पातेलं गॅसवरून खाली घ्यायचं होतं, कान तापलेले. आपल्याकडे वाढप्याच्या खांद्यावर फडकं असतंच. मी सवयीने समोर दिसलं ते फडकं ओढलं, कान धरले आणि पातेलं ओट्यावर ठेवलं. मग हातात पाहिलं तर लाल फडकं.

ही चूक होती. मी कुठेही शपथेवर सांगेन. ती सुधारायलाही काही लागत नव्हतं. दुसऱ्या पातेल्यावर निळं फडकं होतंच. लाल परत बांधलं की संपलं.

मी निळंही सोडलं.

का, हा प्रश्न मी स्वतःला फार विचारलाय. सोलांजचं ते वाक्य आठवलं आणि दया आली, असं म्हणायला बरं वाटतं. थोडी आली असेल. पण त्या क्षणी माझ्या पोटात जे हललं ते दयेसारखं नव्हतं. लहानपणी मधल्या सुट्टीत दोन भांडकुदळ पोरांचे डबे अदलाबदल करून ठेवताना हलायचं, ते होतं. मी दोन्ही फडकी खांद्यावर टाकली. जग अर्धा या पातेल्यातून भरला, अर्धा त्या पातेल्यातून. ओगराळ्यासारखं काहीतरी मिळालं त्याने ढवळला. आणि दार ढकलून पंगतीत शिरलो.

काय वाढलं मी त्या दिवशी. खिडकीची रांग, भिंतीची रांग, पुन्हा खिडकी. पिवळंधमक सूप, त्यात गाजर, कोबी, मांसाचे तुकडे, वर वाफ. टेबलक्लॉथवर एक ठिपका नाही. आपल्याकडचा आग्रहही केला, "अजून थोडं, माझ्यासाठी." सुषमा दुरून बघत होती. तिला माझं चालणं माहीत आहे. मी खूश असलो की जरा तिरका चालतो.

"हे बघा," मफलरवाले गृहस्थ म्हणाले, "हे खरं सूप. त्या बाजूला लिंबू पिळायला विसरतात."

भिंतीकडे एक जण वाटी तोंडाला लावून म्हणाला, "आपल्याकडे मिरची अख्खी टाकतात. त्यांची फुटलेली असणार, तोंडं बघा त्यांची."

आन्सेल्मने दोनदा घेतलं. दुसऱ्यांदा वाढताना त्याने माझा हात जरासा धरला. "आईचं," एवढंच म्हणाला. आणि मग सोलांजला ऐकू जाईल अशा आवाजात, "निळ्या फडक्याखाली हे मिळत नाही."

सोलांजने तिची वाटी खाली ठेवली. तिचे डोळे भरलेले होते. भावाने पुन्हा एकदा तिच्या सूपाला नाही म्हटलं होतं, असंच तिला वाटत होतं. ज्या पोटात तिचं सूप जावं म्हणून तिचा जीव तुटत होता त्याच पोटात ते गेलं होतं, आणि ते फक्त मला ठाऊक होतं. म्हणजे माझ्या खोडीने कुणाचं काहीच भलं झालं नव्हतं. मजा फक्त माझी झाली होती. मी माझं वेगळं सूप खायला बसलो. आन्सेल्मचं, वेगळ्या सुरीचं. ते फार चांगलं होतं आणि मी अर्धं तसंच ठेवलं.

ट्रॅमचा थांबा

तिकडे हिवाळ्यात चहाच्या वेळेलाच अंधार पडतो. आम्हाला पोचवायला आन्सेल्म थांब्यापर्यंत आला. सुषमा आणि केतकी पुढे चालत होत्या. तो म्हणाला, "आज त्या हॉलमध्ये एकच प्रामाणिक माणूस होता. तुम्ही. बाकी सगळ्यांना बाजू आहे."

एरवी मी "छे छे" म्हणून पुढच्या पानावर सरकलो असतो. थांब्यावर पुढचं पान नव्हतं. ट्रॅम दिसत होती पण सिग्नलला उभी होती.

"आन्सेल्म," मी म्हणालो, "दोन्ही पातेल्यांतलं मिसळून वाढलं मी. सगळ्यांना. तुम्हालाही."

तो माझ्याकडे वळला.

"चुकून?"

"लाल फडकं चुकून निघालं. निळं मी काढलं."

मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. तो माझ्याकडे वर्गातल्या मुलाकडे पाहावं तसा पाहत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "तुमच्या सूपात मी मांस घातलं असतं तर?"

ट्रॅम आली. तो वळून हॉलकडे चालायला लागला. हात मिळवला नाही.

ट्रॅममध्ये मी सुषमाला सगळं सांगितलं. तिने चिवड्याचा रिकामा डबा मांडीवर घट्ट धरला. मग म्हणाली, "दादा, मला उद्या तिच्या शेजारी उभं राहायचंय रे."

केतकी म्हणाली, "मामा, तुझी चूक मोठा आहे." मी दुरुस्त केलं नाही.

पुन्हा हाउन्सलो

दुसऱ्या दिवशी सुषमा कामावरून आली तोवर मी घरातले सगळे डबे घासून ठेवले होते. ती बूट काढता काढता बोलायला लागली.

आन्सेल्म थांब्यावरून सरळ हॉलच्या स्वयंपाकघरात गेला होता. सोलांज पातेली घासत होती. तिथे तो तिच्याशी बोलला. मधे कुणाला न घालता, सरळ तिच्याशी. म्हणाला, "हे तुला माहीत होतं?"

"काय?"

"त्या भारतीयाने तुझं सूप मला पाजलं."

सोलांज घासणी हातात घेऊन उभीच राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आईचं, असं तू ज्याला म्हणालास ते माझं होतं?"

"निम्मं."

"कुठलं निम्मं?"

त्यावरून सुरू झालं. निम्म्यावरून लिंबावर, लिंबावरून आईवर, आईवरून आईच्या औषधपाण्याला कोण आलं आणि कोण आलं नाही त्यावर, तिथून राष्ट्राध्यक्षावर. हॉलचा माणूस येऊन दिवे घालवायला लागला तरी थांबेनात. शेवटी तो सोलांजच्या घरी गेला, कारण वाद अर्धा राहिला होता.

"मग मिटलं?" मी विचारलं.

"कसलं मिटतंय. आज सकाळी ग्लासगोची गाडी पकडताना त्याने स्टेशनवरून फोन केला तिला, राहिलेला मुद्दा सांगायला. ब्रेकमध्ये हिने परत त्याला केला. माझ्या सगळ्या ट्रेमध्ये आज दोन दोन पाव गेलेत."

"आणि माझ्यावर?"

"तुझ्यावर दोघंही फार चिडलेत, दादा. फार."

मी आन्सेल्मला माफीचा फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ऐकलं." बाकी काही नाही.

पुणे

फेब्रुवारी संपता संपता इथे टीव्हीवर बातमी आली की हैतीच्या राष्ट्राध्यक्षाने देश सोडला. कुणी म्हणे राजीनामा देऊन आपण होऊन गेला, कुणी म्हणे परक्यांनी उचलून विमानात बसवला. आमच्या दिवाणखान्यात कुणी मान वर केली नाही. मी उठलो आणि सुषमाला फोन लावला.

"कशी आहे सोलांज?"

"आनंद झालाय म्हणते आणि सकाळपासून रडतेय. आन्सेल्म म्हणतो, पळवला. ती म्हणते, गेला. रोज फोन चाललाय, दादा. काल तर त्याने मला लावला आणि म्हणाला, तिला सांगा. मी म्हटलं, तूच सांग, मी काही माझा भाऊ नाही."

मी मग विचारलं, "तुला काय वाटतं, गेला की पळवला?"

"तुला काय वाटतं?" सुषमा म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं आपण कुणाला विचारलं ते, आणि ती हसायला लागली. मी मात्र सांगितलं. बऱ्यापैकी सविस्तर सांगितलं. ते तिला अजिबात पटलं नाही आणि आम्ही थोडं भांडलो. महाग पडला तो फोन.

ठेवता ठेवता ती म्हणाली, "अरे हो, पुढच्या एक तारखेला एकच पातेलं करायचं ठरलंय."

"म्हणजे समेट?"

"नाही रे. दोन्ही बाजूंचं एकमत झालंय, पण एकाच गोष्टीवर. दोन पातेली ठेवली आणि तू आलास तर काय करशील याचा नेम नाही. ओडेटबाई म्हणाल्या, त्याला बोलवा, पण एका अटीवर."

"कुठल्या?"

"पळीला हात लावायचा नाही. सगळ्यांसारखं बसून जेवायचं. आणि आन्सेल्मने निरोप दिलाय, तुझं छोटं पातेलं तो स्वतः करणार आहे. सुरी वेगळी. पण तुला शेजारी बसवणार आहे तो, आणि म्हणतो, या वेळी 'तुमचं म्हणणं कळतंय मला' हे वाक्य चालणार नाही."